सुनेच्या नावाखालचे कार्ड

मी एक पुरवणी क्रेडिट कार्ड बोलत आहे. आमच्या कुळात नकाराची कथा दोन पाठांत प्रचलित आहे. एका पाठात अर्जदाराचे वय कमी पडते, दुसऱ्यात ते जास्त होते. शेवट दोन्हींचा शिक्क्यापाशीच. माझ्या जन्मकथेत मात्र हे दोन्ही पाठ एकाच घरात, एकाच सकाळी घडले. असा संयोग विरळा, म्हणून तो नोंदवणे अगत्याचे वाटते.

घर घड्याळजी आजोबांचे. शाळेच्या दर्शनी भिंतीवरचे मोठे घड्याळ बंद पडले होते, आणि शाळा उघडण्यापूर्वी ते चालू करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. त्याची स्प्रिंग परदेशातल्या एकाच कारखान्यात मिळे, आणि तो कारखाना क्रेडिट कार्डाखेरीज काही ओळखत नसे. शाळेची बस चालवणाऱ्या सुनेपाशी कार्ड होते. पण आपल्या कामाचे सामान दुसऱ्याच्या कार्डावर मागवायचे नाही, हा आजोबांचा बाणा. त्यांनी स्वतःच अर्ज केला. एकोणीस वर्षांच्या नातीनेही हौसेने आपला जोडला.

त्या बँकेचा नियम स्पष्ट होता: एकवीस पूर्ण हवीत, पासष्ट उलटलेली नकोत. आजोबा कागदोपत्री सहासष्ट, वास्तविक चौसष्टच. लहानपणी त्यांनी थोरल्या भावाच्याच वर्गात बसण्याचा हट्ट धरला, म्हणून वडिलांनी शाळेत दोन वर्षे वाढवून सांगितली होती. अशी कागदी वये लोकव्यवहारात पुष्कळ आढळतात; ती सोयीसाठी जन्मतात आणि नेमकी गैरसोयीच्या वेळी वयात येतात.

आजोबांनी हा इतिहास साद्यंत सांगितला. बँकेतल्या बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"आजोबा, घड्याळाचे काटे तुम्ही मागे घ्याल. दाखल्यातली तारीख मला नाही मागे घेता येत."

नातीला तोडगा सुचला. "मग ती जादाची दोन वर्षं मला द्या की. दोघांचंही भागेल."

बाई हसल्या, पण शिक्का दोन्ही अर्जांवर बसला. जाताना त्यांनी एवढेच सुचवले की घरात कोणाचे कार्ड असल्यास त्याखाली पुरवणी कार्ड मिळते. त्याला अठरा वर्षे पुरतात आणि वरची मर्यादा नाही.

सुनेने त्याच संध्याकाळी दोन अर्ज आणले. नातीने सही केली. आजोबांनी आपला अर्ज दोन दिवस चिमट्यांच्या डब्याखाली दाबून ठेवला. तिसऱ्या सकाळी सून बसच्या किल्ल्या घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, दारावरच्या पाटीवर वीस वर्षं माझं नाव तुमच्या नावाखाली आहे. मी कधी कुरकुरले? आता एका कार्डापुरतं तुम्ही या खाली."

आजोबांनी डोळ्याला भिंग लावून अर्ज वाचला आणि भिंग न काढताच सही केली.

नऊ दिवसांनी माझा जन्म झाला. आजोबांनी मला उलटसुलट करून सुनेचे नाव शोधले. माझ्यावर फक्त त्यांचेच होते. नातीकडच्या माझ्या जुळ्या भावंडाने आठवड्यात तीन दुकाने पाहिली. मला अजून तेलाच्या वासाच्या डब्यातच ठेवतात आणि मऊ कापडाने पुसतात. माणसे आपल्या हत्यारांना जपतात तसे.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी माझ्यावर मागवलेल्या स्प्रिंगचे पार्सल आले. सुनेने शिडी धरली, आजोबा वर चढले, आणि सव्वाचार वाजता घड्याळ चालू झाले.