मुंगूस घ्यायचं, पण कोणतं

निरोपसमारंभात अपघात विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी चहाचा कप हातात देताना सहज विचारलं, "सायबाई, उद्यापासून गाडी नाही. चुकल्याचुकल्यासारखं होईल ना?" सायबाई "होईल की" म्हणाली आणि घरी आली. प्रश्नही तिच्याबरोबर घरी आला.

एकोणतीस वर्षं तिने अ‍ॅम्ब्युलन्स चालवली होती. हिच्या गाडीत दुधाचं पातेलं ठेवलं तरी साय सुरकुतणार नाही, असं कोणीतरी फार पूर्वी म्हणालं होतं, आणि तेव्हापासून पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे ती सायबाईच होती. मोडलेल्या मणक्याचा पेशंट असला की ड्युटी कोणाचीही असो, बोलावणं तिला यायचं. तेव्हा गाडी चालवणं तिला जमतं यात शंका नव्हती. आवडतं का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. मागे माणूस कण्हत असताना स्वतःला असलं काही विचारायचं नसतं.

तीन आठवडे तिने घर आवरलं, माळा रिकामा केला, दोन खोल्यांचे पडदे बदलले. चौथ्या आठवड्यात तिने ठरवलं की एक गाडी घ्यायची. सामान वाहायला नाही, कोणाला पोचवायला नाही. नुसती चालवायला, आणि चालवायलाच केलेली. जुनी चालेल. त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले होते. चालवून मजा आली तर उत्तम. नाही आली तर एकोणतीस वर्षं आपण ज्या खुर्चीत बसलो ती नेमून दिली होती म्हणून बसलो, एवढं तरी कळेल. हे कळण्याची तिला थोडी धास्ती वाटत होती, पण ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

सांगितलं ते फक्त भाच्याला, आणि तेही गाडीपुरतं. भाचा मेकॅनिक. भावाचा हा मुलगा दोन लिफ्टचं स्वतःचं गॅरेज चालवायचा आणि माणसांपेक्षा इंजिनांशी जास्त बोलायचा. आत्याने तोंडातून शब्द काढायचा अवकाश, तो म्हणाला, "मुंगूस."

मुंगूस म्हणजे दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी एक गाडी. कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते कोणी घेत नसे. तिच्या आजवर तीन पिढ्या निघाल्या होत्या. पहिली आता सापडत नव्हती. दुसरी अकरा वर्षांपूर्वी बंद झाली, तिसरी तीन वर्षांपूर्वी.

"दुसरी घे," भाचा म्हणाला. "खरं मुंगूस तेच. इंजिन टर्बोशिवाय, स्टिअरिंग जड, रस्त्यावरचा खडान्‌खडा हाताला कळतो. तिसऱ्यात सगळं संगणकावर. तू गिअर टाकलास की इंजिनाचा वेग तीच जुळवून घेते. मागचं चाक सरकलं की तीच सावरते. इंजिनाचा आवाजसुद्धा अर्धा स्पीकरमधून. दातच काढलेत म्हण ना."

"म्हणजे दुसरं चावतं?"

"चुकलीस तर चावतं."

"या वयात चावून घ्यायला पैसे देऊ?"

"आत्या, तू बघ तरी."

त्याने दोन गाड्या शोधल्या. दुसऱ्या पिढीचं लाल मुंगूस एका दातांच्या डॉक्टरांकडे होतं. तिसऱ्या पिढीचं राखाडी मुंगूस जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये. दोन्ही सहा गिअरची, क्लचवाली. शनिवारी सकाळी दोन्ही चालवायची, एकाच रस्त्यावर, धरणाकडे जाणाऱ्या. नवा रस्ता झाल्यापासून तो जुना रस्ता ओस पडला होता आणि त्यावर सात वळणं होती.

आधी लाल. दातांचे डॉक्टर शेजारी बसले. हळवे गृहस्थ. तिसरं मूल झाल्यामुळे गाडी विकावी लागतेय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग गाडीचा इतिहास सुरू केला, तेल कधी बदललं, टायर कधी. दुसऱ्या वळणापर्यंत ते बोलत होते. चौथ्या वळणाला सायबाईने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. तिने पाहिलं तर डॉक्टर मान टाकून गाढ झोपले होते. धरणापर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्यांना जाग आली नाही.

"माफ करा," ते दाराशी उतरताना ओशाळून म्हणाले, "धाकटा झोपू देत नाही हो. पण या गाडीत मला झोप? बायकोला सांगितलं तर ती हिच्यात पाळणा बांधेल."

मग राखाडी. शोरूमचा सेल्समन शेजारी बसला आणि सबंध वाटभर मोबाइलवर कुठल्यातरी गिऱ्हाइकाला लांबलचक निरोप टाइप करत राहिला. सात वळणं जाताना, सात येताना. उतरल्यावर त्याने निरोप वाचून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "एक चूक नाही."

भाच्याने गॅरेजमध्ये खुर्ची पुढे ओढली. "बोल. कोणती?"

सायबाईने बराच विचार केला. "दोन्ही बऱ्या आहेत."

"बऱ्या?"

"दोन्ही सरळ चालतात. ब्रेक नीट लागतात."

भाच्याने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. "आत्या, लोक या दोन गाड्यांवरून एकमेकांशी बोलणं टाकतात. यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुला काहीच नाही जाणवलं?"

"नाही जाणवलं," ती म्हणाली. उत्तर मिळालं होतं तर. जमतं, आवडत नाही.

रविवारी दुपारी सिस्टर आली. सिस्टर म्हणजे एकोणीस वर्षं तिच्याच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मागे बसलेली नर्स. हीही दोन वर्षांमागे निवृत्त झालेली. दोघींनी मिळून किती माणसं दवाखान्यात पोचवली, याचा हिशेब दोघींनीही कधी ठेवला नव्हता. सिस्टर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि तिने सगळी हकिकत ऐकून घेतली. दातांचे डॉक्टर झोपले इथे ती हसली. सेल्समनची एकही चूक नाही इथे तिचं हसू थांबलं.

"किती वेगाने गेलीस?"

"बेताने. रस्ता रिकामा होता तसा."

"वळणाच्या किती आधी ब्रेक?"

"नेहमीसारखा. लांबूनच, हलका."

"क्लच?"

"काय क्लच? हळूच सोडला."

"आणि खड्डा आला की?"

"एका अंगाने काढला. का गं?"

"अगं शहाणे," सिस्टर म्हणाली, "तू पेशंट घेऊन गेलीस."

सायबाई तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय. दातांचा डॉक्टर म्हणजे फ्रॅक्चर, सेल्समन म्हणजे हार्ट. दोघांनाही सुखरूप आणलंस. तुझ्या हाताखाली विमान दिलं काय नि बैलगाडी दिली काय, मागच्याला सारखंच वाटणार. मग तुला फरक कसा कळावा? गाडीला तू तोंडच उघडू दिलं नाहीस."

सायबाईला हे पटलं, पण लगेच कबूल करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने कप आत नेऊन धुतले, पुसले, जागेवर ठेवले, मग बाहेर येऊन विचारलं, "पुढच्या शनिवारी मोकळी आहेस?"

"शेजारी बसू?"

"बस. पण पेशंट म्हणून नाही."

"एकोणीस वर्षं मागे बसून एकदा पुढे बसायला मिळतंय. मी कशाला पेशंट होऊ?"

पुढच्या शनिवारी दातांच्या डॉक्टरांनी किल्ली नुसती हातात दिली. तुम्ही दोघीच जाऊन या म्हणाले, आणि घरात गेले. लाल मुंगूस सकाळच्या गारठ्यात उभं होतं. सायबाईने इंजिन चालू केलं, तापमानाचा काटा थोडा वर येऊ दिला, मग गाडी हलवली. तिसरा गिअर टाकताना किंचित कर्र झालं. पुढच्या वेळी तिने क्लच दोनदा दाबून, मध्ये श्वासभर थांबून गिअर टाकला. लोण्यासारखा गेला. वळणांवर या खेपेला तिने गाडी खरोखर पळवली. स्टिअरिंग जड होतं, पण प्रामाणिक होतं. मागचं उजवं चाक पाचव्या वळणाला जरा सैल वाटलं, तिने पायाने वेग जुळवून ते जागेवर आणलं. भाचा म्हणाला होता ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं.

धरणाच्या भिंतीपाशी तिने गाडी थांबवली.

"कशी आहे?" सिस्टरने विचारलं.

"छान आहे. गार असताना तिसऱ्याला कुरकुरते, दोन मिनिटं द्यायला लागतात. मागे उजवीकडे काहीतरी आहे, चाकाचं रबरी बुश असेल. ब्रेक थोडा डावीकडे ओढतो, पण सांभाळून घेता येतो. तेलाच्या काट्यावर लक्ष ठेवलं की —"

"हे तू मला केसपेपर सांगतेयस."

सायबाईने तेलाच्या काट्यावरची नजर काढली.

"मजा आली का, ते सांग."

तिने प्रामाणिकपणे विचार केला. समाधान वाटलं होतं. अवघड केस नीट पोचवल्यावर वाटतं, तसंच, तेच. त्यात कमी काही नव्हतं, पण नवंही काही नव्हतं. "चल," ती म्हणाली, "राखाडी बघू."

शोरूमच्या सेल्समननेही किल्ली देऊन दोघींनाच पाठवलं. राखाडीत बसल्यावर तिला आधी काही करायलाच सुचेना. काटे सगळे जागेवर होते, गिअर पहिल्या झटक्यात पडत होते, गाडी कशाबद्दलच तक्रार करत नव्हती. सवयीने ती काहीतरी सावरायला जायची आणि ते आधीच सावरलेलं असायचं. पहिली दोन वळणं याच चुकामुकीत गेली. तिसऱ्या वळणाआधी सिस्टर म्हणाली, "आता बघ हं, मागे कोणी नाहीये," आणि सायबाईने आरशात पाहिलं. आरशात खरोखरच कोणी नव्हतं. एक अरुंद रिकामी सीट होती आणि तिच्यावर सिस्टरची पर्स.

तिने ब्रेक दाबलाच नाही. म्हणजे दाबला, पण जिथे दाबायला हवा त्याच्या बरंच पुढे गेल्यावर, आणि सगळा. पर्स सीटवरून उडून खाली आपटली, आतली नाणी सांडली, सिस्टरने दाराची मूठ धरली. गाडीने नाक वळवलं, मागची बाजू थोडी बाहेर फेकली, पुन्हा आत घेतली आणि वळणातून गोफणीतल्या दगडासारखी सुटली.

सायबाई हसत होती. आपण हसतोय हे तिला थोडं उशिरा कळलं. वळण चुकलं होतं, साफ चुकलं होतं, ब्रेक उशिरा, गिअर चुकीचा. कोणाच्या मणक्याला काही झालं नव्हतं.

"परत," ती म्हणाली.

"परत काय?"

"तेच वळण."

तिने गाडी वळवली. त्या एका वळणावरून ती चार वेळा गेली. चारही वेळा वेगळ्या तऱ्हेने चुकली, आणि चौथ्या वेळी चुकीतच काहीतरी इतकं सुरेख जमलं की सिस्टर म्हणाली, "अगं बाई," आणि मग वाकून पायाखालची नाणी गोळा करायला लागली.

गॅरेजमध्ये भाचा लिफ्टखाली उभा होता. निकाल ऐकून त्याचा चेहरा पडला.

"राखाडी? आत्या, तू दोन्ही नीट चालवल्यास ना?"

"लाल नीट चालवली. राखाडी अजिबात नीट नाही चालवली."

"अगं पण लाल ती खरी गाडी आहे."

"आहे. तुझं सगळं खरं आहे. तिचं उजवं बुश तेवढं बघ, त्यांना सांग."

"मग? तू तर तिला हातावर झेलशील. तुझ्यासारखा ड्रायव्हर मिळणं म्हणजे त्या गाडीचं नशीब."

"तेच तर. तिच्यात बसल्यापासून तिला काय हवं, काय नको, हेच बघत होते मी," सायबाई म्हणाली. "तिला जपणारं माणूस पाहिजे. मी रिटायर झालेय बाळा."

भाच्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने खांदे उडवले. "मला विचारू नकोस. माझी एक लिपस्टिक अजून त्या सीटखाली आहे."

"आणि स्पीकरमधला आवाज?" त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "खोटा आवाज चालेल तुला?"

"एकोणतीस वर्षं डोक्यावर सायरन होता," ती म्हणाली. "हा त्यामानाने गोड आहे."

भाचा पुढे आठवडाभर धुसफुसला. पण कागदपत्रं त्यानेच केली, राखाडीचे चारही टायर त्यानेच बदलले, आणि बिल करताना मजुरीच्या जागी रेघ मारली. गाडी तिच्या हातात पडली ती मंगळवारी सकाळी दहा वाजता. सिस्टर अर्थातच शेजारी होती, या खेपेला पर्सला सेफ्टी पिन लावून.

इंजिन चालू झालं तसा समोरचा पडदा उजळला आणि त्यावर ओळ आली: कुठे जायचंय? खाली पत्ता लिहायला रिकामी चौकट.

सायबाईची बोटं चौकटीवर गेली आणि तशीच राहिली. आजवर पत्त्याशिवाय ती कधी निघालीच नव्हती. पत्ता आधी यायचा, गाडी मग सुटायची.

"लिही काहीतरी," सिस्टर म्हणाली.

"काय लिहू?"

"मला काय माहीत. तुझी गाडी."

"धरण?"

"धरण झालं की चार वेळा. वीटभट्ट्यांकडे जाऊ."

"वीटभट्ट्यांकडे काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच तर."

तिने पडदा बंद केला. गाडी फाटकातून बाहेर काढून ती चौकापर्यंत आली आणि सिग्नलला थांबली. दिवा हिरवा झाला तरी दोघींचं ठरेना. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा सायबाई डावीकडे वळली. डावीकडेच का, हे तिला सांगता आलं नसतं, आणि सिस्टरनेही विचारलं नाही.