निंबळ्याचं फाटक

देहूरोडच्या पुढे, तळेगावच्या अलीकडे निंबळे नावाचं लहानसं स्टेशन आहे. पुणे-लोणावळा लोकल तिथं थांबते, बाकीच्या गाड्या न थांबता निघून जातात. रुळांच्या एका अंगाला, नदीकडे उतरत गेलेलं जुनं गाव. दुसऱ्या अंगाला बाजार आणि कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांच्या चाळी. दवाखाना, बँक, हमरस्ता, सगळं बाजाराच्या बाजूला. गावातून तिकडे जायला एकच फाटक होतं, नाहीतर सोमाटण्यावरून लांबचा वळसा; आणि फाटक बहुतेक वेळ बंदच असे. निंबळ्यात कुणी उशिरा आलं तर त्याला कारण विचारायची पद्धत नव्हती.

या फाटकाशी, गावाच्या बाजूला, सुमनताईंची चहा-पोह्यांची टपरी होती. सुमनताई लातूरकडच्या. नवरा ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात लागला तेव्हा त्या इकडे आल्या आणि गावात खोली घेऊन राहिल्या. फाटक पडलं की दुचाकीवरची माणसं इंजिन बंद करून नुसती उभी राहतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. महिन्याभरात त्यांनी स्टोव्ह मांडला. मालगाडी लांबलचक असली की दुसरं पातेलं चढवावं लागे. दोन्ही पोरांची शाळा त्या टपरीवर चालली.

गावातले सोपानराव त्यांना रोज दिसत, पण दुरून. सोपानरावांची जमीन नदीकाठापासून रुळांपर्यंत होती. त्यातली बरीचशी विकून मुलानं, शेखरनं, खडी-वाळूचा व्यवसाय उभा केला होता. सोपानराव टपरीवर चहा पिणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या बायको अंबुबाई मात्र बाजारातून भाजी घेऊन परतताना फाटकाशी पिशवी खाली ठेवत आणि सुमनताईंच्या बाकावर टेकत. चहा नको म्हणत आणि घेत.

एका सकाळी अंबुबाईंच्या छातीत कळ आली. शेखरनं गाडी काढली, मागच्या सीटवर सोपानराव त्यांना धरून बसले. फाटकाशी आले तर फाटक पडलेलं. सोपानराव उतरून गेटमनच्या केबिनकडे पळाले. गेटमननं हात जोडले. सिग्नल दिला की फाटक कुलूपबंद होतं, गाडी गेल्याशिवाय ते त्याच्या हातानं उघडत नाही. सोपानरावांना ते पटलं नाही. ते तिथंच उभं राहून त्याला विनवत राहिले. शेखर खाली उतरून मागच्या गाड्या बाजूला घ्यायला लावत होता, म्हणजे लांबच्या रस्त्यानं तरी वळता आलं असतं. पण मागे डंपर होता, तो हलेना.

सुमनताई गाडीत जाऊन बसल्या. अंबुबाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

मालगाडी गेली, तिच्या मागोमाग लोकल गेली आणि फाटक उघडलं. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर सोपानरावांनी पुलाचा विषय हातात घेतला. ते कचेऱ्यांत गेले, आमदारांकडे गेले, सभांमध्ये उभे राहून बोलले. बोलणं त्यांना जमत नसे, पण माणसं ऐकून घेत. पुलाच्या उतारासाठी जमीन लागणार होती, ती त्यांनी स्वतःची दिली. या काळात ते फाटकावरून एकदाही गेले नाहीत. बाजारात जायचं तर शेखरला सोमाटण्याच्या बाजूनं वळसा घालायला लावत.

एकदा पुलासाठी गावानं बंद पाळला. फाटकावरची सगळी दुकानं बंद होती, एक सुमनताईंची टपरी सोडून. काही पोरं स्टोव्ह उचलायला निघाली. सोपानरावांनी त्यांना अडवलं, पण टपरीकडे पाहिलंही नाही.

पूल व्हायला सहा वर्षं लागली. उद्‌घाटन झालं, हार घातले गेले, आणि त्याच आठवड्यात रेल्वेनं फाटक काढून दोन्ही बाजूंना भिंत घातली. सुमनताईंच्या टपरीसमोरचा रस्ता आता भिंतीत संपत होता. पहिल्या दिवशी सवयीनं आलेले दोघं-तिघं चहा पिऊन माघारी वळले. नंतर तेही येईनात. सुमनताई मात्र रोज स्टोव्ह पेटवत होत्या. ज्योतीराम म्हणाला, "आता कशाला जातीस?" त्या दुधाची पिशवी घेऊन निघाल्या.

अशाच एका दुपारी सोपानराव चालत आले आणि बाकावर बसले. सुमनताईंनी न विचारता चहा ठेवला.

"तुमचा धंदा मी बुडवला," सोपानराव म्हणाले.

"हो, आबा."

"बंदच्या दिवशी तुमी टपरी चालू ठिवली. मला राग आला न्हवता असं न्हाई."

"मला ठाऊक होतं. पण पूल झाला की माझं काय होणार, तेही दिसत होतं. बंद ठेवून खोटं कशाला वागायचं?" त्यांनी कप पुढे केला. "पूल व्हायला नको, असं मात्र मी कधी म्हणले नाही. अंबूमावशीला मी बघितलं होतं."

सोपानरावांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. भिंतीपलीकडून एक गाडी गेली. तिचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी कप बाकावर ठेवला.

"ती काय बोलली का वो?" त्यांनी विचारलं.

सुमनताईंनी स्टोव्ह बारीक केला. "बोलल्या. तुम्ही कुठं गेले म्हणून विचारलं. मी सांगितलं, केबिनकडे गेलेत, फाटक उघडायला लावतेत. तर म्हणल्या, अनवाणी गेले का? मी काचेतून बघितलं. तुमच्या पायात काही नव्हतं."

"व्हय. घरातनं तसाच निघालो होतो."

"म्हणल्या, खडीत पाय फाटतील, त्यांना पळू नका म्हणावं. दोनदा म्हणल्या. मग माझा हात धरला. त्यानंतर बोलल्या नाहीत."

"भ्याली होती?"

"नाही, आबा. काळजीत होत्या. तुमच्या."

सोपानरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मला आधी का न्हाई सांगितलंत?"

"तुम्ही टपरीवर कधी आलेच नाहीत. आणि वाटेत अडवून सांगायची गोष्ट नव्हती ती."

सोपानरावांनी मान हलवली. गार झालेला चहा त्यांनी सगळा प्यायला. उठताना म्हणाले, "पुलाच्या पायथ्याला माझी जागा हाय. तिथं मांडा टपरी. कुणी उठवणार न्हाई."

"पुलावरून उतरलेली गाडी थांबत नाही, आबा. मी तिथं उभी राहून बघून आले."

सोपानराव आले तसे चालत गेले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी शेखरला सगळं सांगितलं. अनवाणी पायांचंही सांगितलं. शेखरचा हात ताटातच राहिला. आई घरच्या माणसांवाचून गेली, गाडी वळवायच्या नादात आपण तिच्याजवळ नव्हतो, हे तो इतकी वर्षं मनात धरून होता, आणि ते त्यानं बापालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं सांगितलं. त्याची बायको मोनिका दोघांचं बोलणं ऐकत होती. तिनं वाढणं थांबवलं आणि त्यांच्यापाशी बसून राहिली.

पुलाबरोबर पायी जाणाऱ्यांसाठी रुळांवरून एक जिना झाला होता. बाजाराच्या बाजूला तो जिथं उतरत होता तिथंच कंपन्यांच्या बस उभ्या राहत. लोकलमधून उतरलेली माणसं तिथं बसची वाट पाहत. ही जागा सुमनताईंनी आधीच हेरली होती. तिथल्या किराणा दुकानदाराशी बोलणं झालं होतं, फक्त टपरी पुलावरून पलीकडे न्यायला गाडी मिळत नव्हती. हे मोनिकाला बाजारात कळलं.

रविवारी शेखर टेम्पो घेऊन भिंतीशी आला. ज्योतीरामला सुट्टी होती. दोघांनी मिळून टपरी उचलली. पत्रा एका बाजूनं गंजून गेला होता, उचलताना त्याचा तुकडा शेखरच्या हातात आला.

"नवा बसवून घेऊ," तो म्हणाला.

"राहू दे, तिकडं सावली आहे," सुमनताई म्हणाल्या. स्टोव्ह मांडीवर घेऊन त्या पुढे शेखरच्या शेजारी बसल्या. पुलावरून त्या पहिल्यांदाच जात होत्या. वरून गाव, रूळ, बाजार सगळं एकदम दिसत होतं. त्यांनी शेखरला गाडी जरा सावकाश घ्यायला सांगितली.