चार हजार एक

एका बाईला तुम्ही दोनदा मारलंत, साहेब, आणि दुसऱ्यांदा तर निव्वळ रांग सरळ यावी म्हणून. धरणाची भिंत पाझरतेय हे ठाऊक असून गप्प बसलात, ते पहिल्यांदा. दुसऱ्यांदा काय केलंत ते मिस्त्रीला विचारा.

धरण फुटून चार हजार एक माणसं गेली. हा आकडा तुम्हीच जाहीर केलात. प्रत्येकाच्या नावाचा एक दगड, सगळ्या रांगा सारख्या, एकही दगड सुटा दिसता कामा नये, हा हुकूमही तुमचाच. मिस्त्रीनं मैदानावर दोरी ताणली, चुना टाकला. पन्नासाच्या रांगा धरल्या, एक उरला. त्रेसष्टच्या धरल्या, बत्तीस उरले. एकोणतीसला एक कमी पडला. शेवटी त्यानं इंजिनिअरला गाठलं.

“काहीही करा, बसतच नाहीत हो.”

“बसणारच नाहीत. मूळ संख्या आहे ही. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंही भाग जात नाही.”

“म्हणजे कुणाचंच ऐकणार नाही. आमची ही अशीच होती.”

इंजिनिअर हसला. मग त्या दगडांत मिस्त्रीच्या बायकोचंही नाव आहे हे आठवून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

“एक कोरा दगड वाढवला तर? एकोणतीसला एकच कमी पडत होता.”

इंजिनिअरनं आकडेमोड केली. “चार हजार दोन. एकोणसत्तरच्या अठ्ठावन्न रांगा. चोख बसतं की.”

त्यानं वर, म्हणजे तुम्हालाच, फोन लावला. बराच वेळ नुसतं ‘हो सर, हो सर’ चाललं होतं. फोन ठेवल्यावर तो मिस्त्रीकडं बघेना.

“वाढवायचा नाही म्हणतात. मेलेल्यांपेक्षा दगड जास्त दिसले, तर आकडा लपवला अशी बोंब होईल. एक कमी करा म्हणाले. ऐंशीच्या पन्नास रांगा.”

“आणि कमी केल्यावर बोंब होत नाही?”

“चार हजारांत कोण मोजत बसतंय, म्हणाले.”

“कुणाचा काढू?”

“ते तुम्ही बघा, मिस्त्री. माझ्याच्यानं नाही होणार.”

मिस्त्री दगडांपाशी बसून राहिला. कुणाचा बाप, कुणाचं तान्हं. ज्याचा काढावा त्याचं कुणीतरी उद्या येऊन गचांडी धरणार. आपली गचांडी धरायला आपल्या घरात उरलंय कोण, असा विचार करून त्यानं बायकोचा दगड पोत्यात गुंडाळला आणि बाजूला ठेवला.

उद्घाटन झालं. वरून काढलेले फोटो फार देखणे आले. पाहुणे पांगल्यावर परगावाहून त्याची सासू आली. कंबरेच्या दुखण्यानं तिनं वर्षभर अंथरूण धरलेलं, आज कशीबशी उठून आली होती. ती येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“जावईबापू, कुठल्या रांगेत आहे माझी पोर?”

मिस्त्रीनं पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

“राहू द्या. तुमचं तरी चित्त कुठं थाऱ्यावर आहे. मी शोधते.”

ती पहिल्या दगडाशी वाकली, अक्षरांवरून बोट फिरवत नाव वाचलं, पुढं सरकली. रांग संपली की कंबर धरून उभी राहायची आणि पुढची धरायची. मिस्त्री बाटली घेऊन मागोमाग चालला.

आता ती अकराव्या रांगेत आहे. तुमच्या रांगा तसूभरही वाकड्या नाहीत. शेवटचा दगड वाचून झाला की ती वळून जावयाला विचारील, आणि त्याला उत्तर देता येणार नाही. ते तुमच्याजवळ आहे. इथं या, तिच्यासमोर उभे राहा, आणि तिची पोर तुमच्या हिशेबात का बसली नाही ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगा.