शेवटच्या थांब्यावरून आलेला निरोप

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आजवर एकवीस जणांना सांगितली. एकोणीस हसले, एक उठून गेला आणि एक झोपला. तुम्ही दोघं नवे शेजारी, वरच्या मजल्यावर कालच सामान लावलंत, म्हणून तुम्हालाही संधी देतो. बसा. त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, जरा बेतानं. आणि ही माझ्या शर्टाला बटण लावत बसलीय ना, ती माझी भाची. तिच्यादेखत सांगतोय, म्हणजे थाप मारायची सोयच राहिली नाही.

"मामा, फार फुगवू नका," ती मान वर न करता म्हणते. म्हणू दे.

तर या घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी थोरली बहीण, ताई. मी जन्मभर पुस्तकं बांधली. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कानात. कुणाचं लग्न जुळलं, कुणाचं मोडलं, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं हिच्या कानावरून गेलं. निवृत्त झाली त्याच संध्याकाळी तिनं घरातला फोन काढून दिला. म्हणाली, "आता या कानांत मी बोलावीन तोच येईल." मग कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, मोबाइल आले आणि आमच्या दारावरून पुढे निघून गेले. आमचा त्यांच्यावर राग नाही. समोरच्या घरात आहेत, सुखानं नांदोत. आमचं काही अडलं नाही, एवढंच.

अडलं ते हिचं. ही राहते दुसऱ्या गावात. मागच्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली. मी पत्र टाकलं, ते हिला चौथ्या दिवशी मिळालं. तोवर ताई चालायलाही लागली होती. पण हिनं ते असं मनाला लावून घेतलं की पुढच्याच आठवड्यात ही दारात हजर. हातात इंटरनेटच्या यंत्राचं हे एवढं खोकं आणि मागे ड्रिल घेतलेला तंत्रज्ञ.

"एक तर हे आज बसवायचं," ही म्हणाली, "नाहीतर दोघांनी सामान बांधून माझ्याकडे राहायला यायचं. मला तिकडे काळजीनं घास उतरत नाही."

हिचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. दिवासुद्धा बोलून लावावा लागतो. ताईला तिथं चार दिवस करमलं नव्हतं, तिथं जन्म काढायचा! ताई उठली आणि फळीवरचे डबे खाली काढून पुसायला लागली. ताई डबे पुसायला लागली की समजावं, पाणी गळ्याशी आलंय.

तंत्रज्ञ भिंत ठोकून बघत होता. मी म्हटलं, "बाई, थांब. आमच्यात निरोपाची सोय आहे. तुझ्या यंत्राहून जलद."

"तुमच्यात म्हणजे कुणाच्यात?"

"यंत्राशिवाय राहणाऱ्यांच्यात. शहरात चौदा जण आहोत. निरोप तोंडी घ्यायचा, वाटेत थांबायचं नाही, शब्द बदलायचा नाही. फक्त शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडायचं. पाकिटावर शिक्का असतो ना, तसं. कुणाकुणाच्या हातून आला ते कळतं."

"मामा!"

"मग घे परीक्षा. बसच्या शेवटच्या थांब्यावर जा. तिथं एक न्हावी आहे, त्याच्याजवळ निरोप दे आणि परत ये. तू पोचायच्या आत ताईनं तो म्हणून दाखवला, तर खोकं परत. नाही दाखवला, तर मी स्वतः तुझ्या अकराव्या मजल्यावर सामान वाहीन."

ताईनं डबा पुसायचा थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पण भाची आमचीच, पैजेला नाही म्हणणार नाही. पर्स उचलून निघाली. तंत्रज्ञ आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसला आणि ताईला म्हणाला, "आजी, आता उशीर होणारच आहे, तर चहा टाकता का?"

आता पुढचं ऐका. ही शेवटच्या थांब्यावर उतरली. दुकान शोधण्यात हिची अर्धी घटका गेली. आत जाऊन न्हाव्याला म्हणाली, "माझ्या मावशीला सांगायचं, निळी गोळी सकाळी, पांढरी रात्री, आणि गुडघा शेकायला विसरू नकोस." न्हाव्याच्या हातात वस्तरा, तो कसा निघणार? पण भिंतीकडच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, तोंडभर फेस. त्यानं ऐकलं मात्र, गळ्यातल्या टॉवेलसकट ताडकन उठला आणि पळत सुटला!

"काका, कुणी अनोळखी माणूस असा पळेल का?" शेजारीणबाई विचारतात.

अहो, चौदातला एक होता तो! असा धावला की कोपऱ्यावरच्या पोलिसाच्या चष्म्यावर फेस उडाला. पुढच्या चौकात इस्त्रीवाला. त्यानं निरोप घेतला आणि इस्त्री तशीच हातात धरून पळाला. वाटेत तीन माणसांच्या बाह्या उभ्याउभ्या इस्त्री झाल्या. तिसरी ती बेकरीवाली. तिनं ओव्हनमध्ये पाव घातले, आमचे तीन मजले चढून आली, निरोप दिला आणि परत गेली, तरी पाव फुगायचेच होते.

भाची परत आली तेव्हा ताई या इथं, दारात उभी. एका दमात म्हणाली, "निळी गोळी सकाळी, पांढरी रात्री, गुडघा शेकायला विसरू नकोस, आणि साबण डोळ्यात गेलाय, आणि शर्ट उलटा करून वाळत घाला, आणि उद्या बेकरी बंद."

हिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हिनं एकदा माझ्या पायांकडे पाहिलं. मग तंत्रज्ञाला म्हणाली, "दादा, खोकं परत न्या. बसवायचं नाही." तो बिचारा दुसरा कप संपवून निघाला. ड्रिल भिंतीला टेकलंसुद्धा नाही. ताईनं एकेक डबा फळीवर जागच्या जागी ठेवला आणि शेवटचा ठेवल्यावर असा श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला. मी तर जमिनीवरच बसलो. हिनं आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवून घेतलं. आता सांगा, माझ्या त्या चौदा माणसांपुढे तुमचं इंटरनेट...

"थापा!" भाचीनं शर्ट मांडीवर आपटला. "धडधडीत थापा! चौदा नाही नि चार नाही. मी दुकान शोधत होते तेवढ्यात येऊन त्या खुर्चीत फेस लावून बसलेला माणूस तुम्हीच होतात, मामा! एका पायात तपकिरी मोजा, एका पायात काळा. तुम्ही टॉवेलसकट बसमागे धावत होतात आणि मी मागच्या बसमध्ये हसून हसून रडत होते. म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी जो माणूस तोंडाला फेस फासून धावती बस पकडतो, त्याची मी कसली डोंबलाची काळजी करतेय!"