एकोणिसावा चमचा

वहिनींनी दार उघडलं तेव्हा आत मास्तर सूप पीत होते. एकटे, स्वतःच्या हातानं. फिटरला नेमकं हेच बघायचं नव्हतं. जेवणाची वेळ टळावी म्हणून तो वाटेत दोनदा चहाला थांबला होता; पण मास्तरांचं जेवण म्हणजे हल्ली तासाभराची मैफल असायची.

“ये रे मायक्रॉन,” मास्तर म्हणाले. “बस. एवढा वाडगा संपवतो.”

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. विद्यापीठाच्या यंत्रशाळेत फिटर नवा होता, तेव्हा केसाएवढ्या फरकासाठी अख्खा तुकडा भंगारात टाकायचा. मास्तर तिथले मुख्य. त्यांच्या बोटांना जे कळायचं ते कुठल्या मापकालाही कळत नसे. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्याच बोटांना कंप सुटला. चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा. मग वहिनी भरवायच्या आणि मास्तर भिंतीकडे बघत गिळायचे.

अशा हातांसाठी विभागातल्या प्राध्यापकबाईंनी एक चमचा तयार केला. दांड्याच्या पोटात स्प्रिंगवर टांगलेलं छोटं वजन. हात इकडे हलला की वजन तिकडे, आणि चमचा मधोमध शांत. एकोणीस जणांना असे चमचे वर्षभर वापरायला दिले. दर महिन्याला प्रत्येकाचा कंप यंत्रावर मोजायचा आणि फिटरनं त्या मापाची स्प्रिंग बसवायची, अशी पद्धत. पहिल्याच दिवशी मास्तरांनी वाडगाभर सूप न सांडता संपवलं आणि भूक नसताना दुसरा वाडगा मागितला.

आता वर्ष संपलं होतं. करारात लिहिल्याप्रमाणे सगळे चमचे परत घ्यायचे होते. अठरा घरं झाली होती. हे शेवटचं त्यानं जाणूनबुजून मागे ठेवलं होतं.

फिटरनं वाडगा संपू दिला. शेवटी त्यानं पिशवीतून सहीचा कागद काढला, तेव्हा मास्तरांना उमगलं.

“परत न्यायचाय होय,” ते म्हणाले. “आणि पुढं काय करणार त्याचं?”

“कापायचा, मास्तर. आतली झीज मोजायला. त्याशिवाय कंपनी बनवायला घेणार नाही म्हणतात.”

मास्तरांनी जन्मभर असे तुकडे कापले होते. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, हीच पंचाईत होती. समजलं नसतं तर भांडले तरी असते. त्यांनी चमचा स्वतः धुतला, पुसला, फिटरच्या हातात दिला आणि सही वहिनींना करायला सांगितली.

कापला तोही फिटरनंच. एकोणिसांत सगळ्यात जास्त झीज त्याच चमच्याची निघाली. बाई खूश झाल्या. एवढा वापर दुसऱ्या कुणी केलाच नव्हता. चमचा किती वर्षं टिकेल ते आता खात्रीनं सांगता येणार होतं. त्यांच्या टेबलावर एक छापील फॉर्म होता. ‘संशोधनाचा समाजाला झालेला लाभ’, आणि खाली चार ओळींची जागा.

फिटरनं भीत भीत विचारलं, मास्तरांपुरता एक नवा बनवता येईल का. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी याचसाठी आपणहून दोनदा वरती पत्र लिहिलं होतं, दोन्ही वेळा नकार आला होता. आराखडे कंपनीकडे गेले होते आणि कंप मोजायचं यंत्र सीलबंद होऊन कोठारात.

“दोन वर्षांत दुकानात येईल हो,” त्या म्हणाल्या. “हजारो लोकांच्या हातात जाईल.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. हजारो लोक पुढं खरोखरच आपल्या हातानं जेवणार होते. मास्तरांकडे दोन वर्षं आहेत का, एवढंच फॉर्ममध्ये कुठे विचारलेलं नव्हतं.

मग नाकासमोर चालणाऱ्या फिटरनं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. भंगारातली एक नळी घरी आणली आणि रोज संध्याकाळी कानस घेऊन बसला. एवढं लक्ष संसारात घातलं असतं तर, असं बायको म्हणाली. पण दिवा तिनंच जवळ सरकवला. स्प्रिंगचं माप त्याच्या वहीत होतं, शेवटच्या महिन्याचं. वहीतल्या मापावर शंका घ्यायची नाही, हे मास्तरांनीच शिकवलेलं. त्यानं ते केसभरही चुकू दिलं नाही. अडीच महिने लागले.

तो चमचा घेऊन गेला तेव्हा मास्तर वाळले होते. चमचा बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. वहिनींनी वाडगा ठेवला. चमचा सुपात बुडाला, वर आला आणि अर्ध्या वाटेवर उसळ्या मारायला लागला. हातापेक्षा चमचाच जास्त थरथरत होता. सूप सदऱ्यावर सांडलं. दुसऱ्यांदा टेबलावर. तिसऱ्यांदा मास्तरांनी वाडग्यात बुडवलाच नाही.

फिटरला लख्ख कळलं. माप बरोबर होतं, पण हात आता तो राहिला नव्हता. कंप बदलला होता आणि किती बदलला ते सांगणारं यंत्र कुलपात होतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

“मास्तर, दुसरी स्प्रिंग घालून बघतो.”

“कितीची?” मास्तरांनी विचारलं.

फिटरचा हात खिशाकडे गेला. वही खिशातच राहिली.

मास्तरांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि अंगठा दांड्यावरून हळूहळू फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पूर्वी तुकडे तपासायचे तसा.

“सांधा कुठाय ते कळत नाही,” ते म्हणाले. “काम चांगलं झालंय.”

वहिनींनी साधा चमचा घेतला आणि खुर्ची जवळ ओढली. मास्तरांनी तोंड उघडलं. भिंतीकडे बघत ते एकेक घास गिळू लागले. नवा चमचा मात्र त्यांनी मुठीतून सोडला नव्हता. तो टेबलाच्या कडेवर टकटक आपटत होता. तो काढून घ्यायला वहिनींनी हात पुढं केला, तसाच मागं घेतला, आणि सूप थंड होतंय म्हणाल्या.