चिकन गावाची वाट

ऑर्विल टॅन्सलीला पक्षाघाताचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवा हात लुळा पडलेला, पाय ओढत का होईना चालायचा, पण जीभ अडली ती अडलीच. बत्तीस वर्षं ज्याने कॅनडातल्या व्हाइटहॉर्सहून उत्तरेला ट्रक हाकले, रस्त्यात कुणी भेटलं तर तासभर सोडायचा नाही, तो आता 'हो', 'नाही' आणि एका शिवीवर दिवस काढत होता. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. रस्ते खात्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस, त्यामुळे येणंजाणं रोजचं.

जानेवारीत, बाहेर उणे अडतीस असताना, त्याच्या बायकोने, मेव्हिसने, मला कॉफीला बोलावलं. जुलैत ऑर्विलला कॅम्परमधून अलास्कात न्यायचं ठरवलंय म्हणाली. त्याचा ट्रकवरचा जुना जोडीदार लेस्टर तिथे, अमेरिकेच्या सरहद्दीपलीकडे, चिकन नावाच्या गावात राहत होता, आणि जुलैत तो ऐंशीचा होणार होता.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी."

मेव्हिसचं वय सदुसष्ट. आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलेलं, गाडी चालवायची ती दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत. आणि अंगणात बर्फाखाली उभा तो कॅम्पर म्हणजे सव्वीस फुटांचं चाकांवरचं घर. मी कॉफीत साखर ढवळत राहिलो.

एडमंटनला राहणारा त्यांचा मुलगा ग्रेडी मात्र गप्प बसला नाही. फोनवर त्याने आईला स्पष्ट सांगितलं की बाबांना बोलता येत नाही, तुला गाडी मागे घेता येत नाही, आणि त्या रानात शंभर शंभर किलोमीटर फोन लागत नाही. मेव्हिसने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणून तर सहा महिने आधी ठरवायला बसलेय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा आणि रस्त्यांची माहिती देणारं एक जुनं पुस्तक येऊन पडलं. ती एकेक ठिकाण मोठ्याने वाचायची आणि पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, ते वहीत लिहायची. ऑर्विल खिडकीपाशी बसून ऐकायचा. एकदा तिने पेली गावाच्या पुढचा एक पंप वाचला, तेव्हा त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"नाही."

"पुस्तकात आहे, ऑर्विल."

त्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "बंद," तो म्हणाला.

दीड वर्षातला पहिला नवा शब्द. मेव्हिसच्या हातातली पेन्सिल खाली पडली. तिने त्या भागातल्या एका दुकानात फोन लावला, तर पंप तीन वर्षांपूर्वीच बंद झालेला. पुस्तक ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं होतं, त्याला काय ठाऊक.

त्या दिवसापासून ऑर्विल खिडकी सोडून टेबलाशी आला. ती ठिकाण वाचायची, तो एकेक शब्द ओढून काढायचा. चढ. खडी. अस्वलं. मार्चपर्यंत शब्दांना शब्द जोडले जाऊ लागले. "सकाळी धुकं. दिवे लाव." वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, घरी कोणता सराव करून घेता? मेव्हिसने वही दाखवली.

बर्फ वितळला तसं गाडी मागे घेणं सुरू झालं. मी माझ्याकडची चार रिकामी पिंपं आणून अंगणात ओळीने ठेवली. ऑर्विल तिच्या शेजारी बसायचा. एक थाप म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, पंजा पसरला की थांब. पहिल्याच दिवशी तिने दोन पिंपं लोळवली. आणि ऑर्विल हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मेव्हिस तरातरा खाली उतरली, म्हणाली, "हस मेल्या. उद्या एकच पाडीन."

मे महिन्यात ग्रेडी आला तो बेत मोडायलाच. त्याने आईला तळ्याकाठी कॅम्पर लावायच्या तळावर नेलं आणि दोन स्प्रूसच्या झाडांमधली अरुंद जागा दाखवली. इथे मागे घेऊन दाखव, म्हणाला, नाहीतर हट्ट सोड. मी मागच्या बाजूला उभा होतो. कॅम्पर इंचाइंचाने येत होता, आतून थापा ऐकू येत होत्या. एक. दोन. पुन्हा एक. दोन्ही बाजूंना वीतभर जागा राखून गाडी आत बसली आणि थांबली.

ग्रेडी दोन्ही झाडांभोवती फिरून आला. मग खाली वाकून टायर तपासू लागला. उठताना म्हणाला, "खडीचा रस्ता आहे. एक स्टेपनी पुरायची नाही, दोन घ्या."

जुलैत ते निघाले. औषधं चिठ्ठी लावलेल्या मूळ बाटल्यांत होती, संत्री आणि सरपण माझ्या ओसरीवर ठेवून गेले, कारण सरहद्दीवर ते चालत नाही. डॉसनला फेरीबोटीतून नदी ओलांडून ते डोंगरमाथ्याच्या रस्त्याला लागले. दोन्हीकडे दऱ्या, कठडा नाही. वर चौकीवर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी ऑर्विलकडे बघून विचारलं, कुठे निघालात?

मेव्हिसच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. दोन वर्षं त्याच्या वतीने तीच बोलत होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहत राहिली.

"चिकन," ऑर्विल म्हणाला. थोडं थांबला. "मित्राला भेटायला. चार दिवस."

"सगळा रस्ता गाडी कोण चालवणार?"

"ही." मग श्वास घेऊन, सावकाश, "चांगली चालवते."

बाईंनी पासपोर्टवर शिक्के मारले आणि अडसर उचलला. पुढच्या वळणावर मेव्हिसने गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं मनसोक्त रडली. ऑर्विलने तिला रडू दिलं. मग डॅशबोर्डवर थाप मारली, चल.

मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, लेस्टरच्या उपग्रह-फोनवरून. मागे दोन म्हाताऱ्यांचा गलका चालू होता. मी विचारलं, कसं चाललंय?

"काल दुपारपासून दोघांची तोंडं बंद नाहीत," मेव्हिस म्हणाली. "माझ्या गाडी चालवण्यातल्या चुका काढतायत. आणि ऐक, ऑर्विल म्हणतोय परतताना टोक नावाच्या गावावरून, लांबच्या वाटेने जाऊ. मी हो म्हटलंय."