माहिती देणाऱ्यांची यादी

इंद्रभान तायडेने कार्ड काउंटरवर ठेवलं, पण पुष्पांजली मॅडमनी ते उचललंच नाही. त्या कॉलेजच्या ग्रंथपाल. एरवी इंद्रभान दिसला की हसून कार्डाची नोंद करायच्या. आज त्यांनी कपाटातून एक जाडजूड, मरून रंगाचा प्रबंध काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"इंद्रभानभाऊ, आधी बसा. मग उघडा."

वर सोनेरी अक्षरं होती. 'सातपुड्याच्या पायथ्याचे आठवडी बाजार.' खाली नाव, रेणुका वानखडे.

इंद्रभान बसला. हा विषय त्याचा होता.

तो जळगाव जामोद आगारात कंडक्टर. बुलढाण्याच्या या कॉलेजातून एम.ए. झाला त्याला चोवीस वर्षं झाली, आणि पीएच.डी. करायची म्हणून माजी विद्यार्थ्याचं वाचन कार्ड काढलं त्याला सतरा. सुटीच्या दिवशी पहिली गाडी पकडून यायचं आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसायचं. माजी विद्यार्थ्याला पुस्तक घरी नेता येत नाही, म्हणून जे हवं ते हातानं उतरवून घ्यायचं. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. विद्यापीठात नोंदणी मात्र केली नव्हती. आणखी दोन बाजार पाहून होऊ देत, आणखी एक जुना अहवाल चाळून होऊ दे, मग अर्ज भरू, असं म्हणत गडी सतरा वर्षं नुसती तयारीच करत राहिला. बायकोने विचारणं सोडलं त्यालाही बराच काळ लोटला होता.

"गेला म्हना विषय आपला," तो म्हणाला.



त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. चुका सापडाव्यात अशी त्याची मनापासून इच्छा होती. तीन प्रकरणं झाली तरी धड एक सापडेना. पोरगी फिरली होती, बाजारात उन्हातान्हात उभी राहिली होती. सतरा वर्षांत जे आपल्याला जमलं नाही ते हिनं चार वर्षांत केलं, याचा त्याला हेवा वाटला.

चौथ्या प्रकरणात तो थांबला. डोंगरातून डिंक, चारोळी घेऊन येणाऱ्या बाया शेवटच्या गाडीची वेळ जवळ आली की भाव कसा उतरवतात, आणि व्यापारी नेमका तोवर कसा चहा पीत बसतो, ते तिथं सविस्तर लिहिलं होतं. हे बसमध्ये उभं राहून वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय कोणाला कळणारं नव्हतं. हे त्याचं होतं. आठव्या वहीत होतं.

मग त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी तीन महिने त्याच्या गाडीला होती. कंडक्टरच्या सीटजवळ बसायची, विचारत राहायची. "कॉलेजचं काम आहे काका," एवढंच म्हणाली होती. त्याने सगळं सांगून टाकलं होतं. इतक्या वर्षांत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

शेवटी परिशिष्ट होतं. माहिती देणाऱ्यांची यादी. तेविसावं नाव इंद्रभान तायडे. वय एकावन्न. व्यवसाय, एसटी वाहक. शिक्षण, दहावी.

शिक्षण तिनं कधी विचारलं नव्हतं. खाकी कपड्यांकडे पाहून मागाहून अंदाजानं भरलं असणार. इंद्रभानचे कान तापले.

"ती आता इथंच शिकवते," मॅडम हळूच म्हणाल्या. "बोलावू का? तुमचा हक्क आहे भाऊ. सांगा तिला."

"बोलवा."

रेणुका दहा मिनिटांत आली. बोटांना अजून खडू होता. काय बोलायचं ते इंद्रभानने तोंडात घोळवून ठेवलं होतं.

"अय्या, काका! तुम्ही इथं?" टेबलावरचा प्रबंध पाहून ती मॅडमकडे वळली. "तुम्ही दाखवला का काकांना? मीच येणार होते गाडीवर, राहूनच गेलं."

त्याने तोंड उघडण्याआधीच तिनं पानं उलटली. यादी तिला शोधावी लागली नाही. ओळीखाली बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर सुटं करत, अडाणी माणसाला वाचून दाखवावं तसं.

"इंद्र-भान ता-य-डे. हे बघा काका, तुमचं नाव! तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाचंच कौतुक केलं. मी त्यांना म्हटलं, हे आमच्या काकांनी शिकवलं मला."

बोलताना तिचे डोळे भरून आले होते. या कपाटात आपलं नाव असावं म्हणून त्याने सतरा वर्षं खेटे घातले होते. ते आलं होतं, आणि कोणीतरी ते इतक्या मायेनं वाचतही होतं. त्याला दुखलं आणि बरंही वाटलं. घोळवून ठेवलेलं वाक्य त्याने गिळून टाकलं.

"बाजार उठल्यावर त्या बाया उरलेला माल कुठी ठेवतेत?" त्याने विचारलं. "गाडीत तं वापस नेत नाहीत. इचारलं का तू त्याइले?"

"नाही काका. हे डोक्यातच आलं नाही."

"मंग जाय एकदा. सगळे गेल्यावर थांबजो. मी सांगत नाही आता. त्याइच्या तोंडून आयक."

तिनं घाईनं पेन काढून तळहातावरच लिहून घेतलं. लिहिता लिहिता थबकली आणि त्याच्याकडे नीट पाहू लागली.

"काका, तुम्ही किती शिकले हो?"

मॅडमनी मान वर केली. आता तो सांगेल, असं त्यांना वाटलं.

इंद्रभानने प्रबंध मिटला आणि दोन्ही हातांनी तो रेणुकाकडे दिला.

"शिकून राह्यलो अजून," तो म्हणाला.

रेणुका खळखळून हसली. मॅडम हसल्या नाहीत.